तीनशे साठ देठ

हिंगोलीहून नर्सी, नर्सीहून औंढा, तिथून आसगव्हाणची गढी आणि शेवटी पूर्णेचा काठ, असा चार दिवसांचा प्रवास मी दोनदा केला. पहिला तिसऱ्या दिवशीच थांबला. दोन्ही वेळा मी दुसऱ्याच्या दमणीत, हलक्या बैलगाडीत, बसून गेलो, कारण जुनी देवळं आणि गढ्या दाखवायला हिंगोलीत माझ्याइतका रिकामा माणूस दुसरा नव्हता. मला फार कळतं अशातला भाग नाही. मोडी वाचता येतं, दगडावरची जुनी अक्षरं अडखळत का होईना लागतात. शाळामास्तराला एवढ्यावर विद्वान म्हणतात, आणि तो नाही म्हणत नाही.

पहिला प्रवास १९२४ सालच्या कार्तिकातला. वाशिमचे उत्तमराव देशमुख यांना निजामाच्या मुलुखातली ठिकाणं पाहायची हौस होती. पस्तिशीचा माणूस, उजव्या कानात भिकबाळी, मोठ्यानं हसणारा. माझ्यासारख्या गप्प माणसाला ते तीन दिवस फार सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आसगव्हाणच्या गढीखालच्या भुयारात आम्ही दोघं उतरलो. त्यानंतर उत्तमराव कुणाला दिसले नाहीत.

"ते माझ्यामागून वर आले आणि शेताच्या अंगानं गेले. मी त्यांना पाठमोरं पाहिलं," असं मी पोलिसांच्या अमीनसाहेबांना सांगितलं. नंतर पुष्कळांनी विचारलं. प्रत्येकाला मी हेच सांगितलं.

बारा वर्षांनी, १९३६ च्या कार्तिकात, उत्तमरावांचे धाकटे भाऊ किसनराव माझ्या खोलीवर आले. मागे पदर सावरून नर्मदाबाई उभ्या होत्या, उत्तमरावांच्या पत्नी. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. मी त्यांना चटई दिली आणि स्वतः ट्रंकेवर बसलो.

"मास्तर, येत्या अमावास्येला बारा वर्षं भरतात," किसनराव म्हणाले. "आता दादाचं करून टाकावं लागतं. भटजी म्हणाले, आणखी थांबता येणार नाही."

मला ठाऊक होतं. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही, त्याचं शरीर पळसाच्या पानांच्या देठांनी करतात. तीनशे साठ देठ. डोक्याला चाळीस, मानेला दहा, छातीला वीस, असा हिशेब ठरलेला. लोकरीच्या धाग्यानं बांधायचं, वर जवाचं पीठ लिंपायचं, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि नदीकाठी अग्नी द्यायचा. मग तो माणूस मेला. त्याची बायको विधवा झाली.

"भावजी म्हणतात ते करू," नर्मदाबाई म्हणाल्या. "पण देठं मी गोळा करीन, अन् हे जिथं जिथं थांबले होते तिथलीच. त्याच वाटेनं मला न्या. वाटंत कुण्या एकानं जरी सांगितलं, की पाहिलं, जिवंत हायेत, तर मी सगळी देठं नदीत सोडून देईन."

किसनरावांनी मान खाली घातली. हे त्यांच्यात आधीच ठरलं असावं.

"तुमी त्यांना वर आलेलं पाहिलं होतं ना?" बाईंनी मला विचारलं.

"हो," मी म्हणालो.

किसनराव वाशिमला परतले. अमावास्येला पहाटे ते थेट पूर्णेच्या काठी येणार होते. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दमणी धर्मसिंगची होती. सेनगावकडच्या तांड्यावरचा हा माणूस पहिल्या वेळीही आमच्यासोबत होता. त्याचा आजा बैलांच्या पाठीवरून मीठ वाहायचा, ते तो प्रत्येक चढाव आला की सांगायचा.

"मास्तर," जू जोडताना तो म्हणाला, "यंदा माणसं बराबर मोजून वापस आणा."

"धर्मसिंग!" मी म्हणालो.

"असू द्या, मास्तर," नर्मदाबाई आतून म्हणाल्या. "बारा वर्षांत खरं बोलणारा हा पहिलाच भेटला."

नर्सीला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. कयाधूचं पाणी कमी झालेलं, काठच्या शेतांत कापसाची वेचणी चाललेली. देवदर्शन झाल्यावर मी बाईंना पायऱ्या दाखवल्या, उत्तमराव जिथं बसून पेरू खात होते ती जागा दाखवली. माझ्या जुन्या टिपणवहीत पेरूसुद्धा लिहिलेला होता. मागच्या माळावर पळसाची झाडं होती. नर्मदाबाईंनी स्वतःच्या हातानं पानं तोडली. देठ वेगळे करून ओल्या फडक्यात ठेवले. एकशेवीस मोजले.

खालच्या फांद्या आधीच ओरबाडलेल्या होत्या. फुलं विकणारी भिकाबाई आमच्याकडे बघत होती.

"काय, यंदा पत्रावळ्या म्हागल्या की काय बाई?" ती म्हणाली. "काल बी एक मालक आले होते. असेच देठं मोजून राहिले होते. म्या म्हनलं, मालक, पानं फेकता अन् देठं नेता, येडे का काय? तर हसलेच न्हाईत."

"कुणाचं तरी असंल," नर्मदाबाई म्हणाल्या.

तसं असू शकतं, असं मलाही वाटलं. बारा वर्षांपूर्वी हरवलेली माणसं पुष्कळ असतील. महामारीनं कितीतरी घरं फुटली होती.

दुसऱ्या दिवशी औंढ्याला आलो. नागनाथाच्या देवळाच्या भिंतीवरचे हत्ती, नर्तकी, घोडेस्वार मी एकेक करून दाखवले. बाई मन लावून ऐकत होत्या, मधूनच विचारत, "हे इथं काय म्हणाले होते?" मी वहीत बघून सांगायचो. एका हत्तीपाशी उत्तमराव म्हणाले होते की याचं तोंड आमच्या किसनासारखं आहे. बाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसताना मी पहिल्यांदा पाहिल्या.

मुक्काम जुन्याच धर्मशाळेत होता. झाडलोट करणारा ग्यानबा म्हातारा झाला होता. त्यानं आमची खोली उघडली, आत डोकावला आणि ओशाळला.

"थांबा, झाडतो. कालचे पाव्हणे पानांचा कचरा टाकून गेले."

जमिनीवर पळसाच्या पानांचे तुकडे पडले होते. अजून हिरवे होते.

नर्मदाबाई उंबऱ्यातच थांबल्या. "कसे होते पाव्हणे?"

"चांगले घरचे दिसले. केस पिकलेले. कानात भिकबाळी."

"कोणत्या कानात?"

ग्यानबानं स्वतःच्या कानांना हात लावून पाहिला. मग उजवा धरला.

बाई खाली बसल्या. मी त्यांना पाणी दिलं.

"काही बोलले?" मी विचारलं.

"मास्तराला पुसत होते," ग्यानबा म्हणाला. "म्हनले, बारा सालामागं माझ्यासंगं एक मास्तर या खोलीत उतरला होता, आठवतो का? उंच, चष्म्याचा, हळू बोलणारा. म्या म्हनलं, मालक, इथं रोज शंभर उतरतात." तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुमच्यावाणीच सांगत होते, मास्तर. खुणा बराबर तुमच्याच."

बाईंनी लगेच निघायचं ठरवलं. धर्मसिंग म्हणाला की बैल थकलेत, शिवाय मालक एक दिवस पुढं आहेत, त्यांनाही कुठंतरी थांबावंच लागेल. ते खरं होतं. पहाटे औंढ्यातल्या पळसांवरून आणखी एकशेवीस देठ घेतले. मला वाटलं होतं, बाई आता घेणार नाहीत.

"डोळ्यांनी पाहिल्याबिगर फेकणार न्हाई," त्या म्हणाल्या. "खोटी आशा म्या लई पाहिली."

वाटेत त्या माझ्याशी बोलत राहिल्या. आधीच्या दोन दिवसांत त्या इतकं बोलल्या नव्हत्या. उत्तमरावांना कढी आवडत नाही, सशाची शिकार आवडते, चिडले की उपाशी झोपतात. मी ऐकत होतो आणि माझ्या मनात एकच होतं. उत्तमरावांना मला का शोधायचं आहे? मी तर हिंगोलीतच आहे. त्याच गल्लीत, त्याच खोलीत. बारा वर्षांत मी घर बदललेलं नाही.

आसगव्हाणची गढी टेकाडावर आहे. पांढऱ्या मातीचे चार बुरूज, आत लाकडी खांबांचा महाल, त्याच्या छतावर रंगवलेले पोपट. मालक हैदराबादेत राहायचे. राखण करणारी मंजुळाबाई तेवढी तिथं होती. महालाच्या मागं एक दगडी चौकट आहे. तिथून एकवीस पायऱ्या खाली जातात. तळाशी महादेवाची पिंड, तिच्याभोवती बारमाही घोटाभर पाणी आणि डाव्या भिंतीवर सहा ओळींचा शिलालेख.

मंजुळाबाई चौकटीपाशी शेंगा फोडत बसली होती. आम्ही काही विचारायच्या आधीच म्हणाली, "आज काय जत्रा हाये का भुयाराची? कालचा मानूस दोपारभर इथं बसून होता. आत तोंड करून हाका मारी."

"कुणाला?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"'मास्तर, ओ मास्तर' म्हनून. म्या म्हनलं, आत कोनी न्हाई. तर म्हनला, हाये. बारा सालापास्नं हाये. मी वर आलो, तो आलाच न्हाई." तिनं एक शेंग तोंडात टाकली. "रडत होता बापडा."

खाली पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज आला.

"मास्तर," बाई हळू म्हणाल्या. "काय झालं होतं त्या दिवशी?"

तेव्हा मी खरं सांगितलं. उशीर झाला होता, पण सांगितलं. मी शिलालेख वाचत होतो. दिवा माझ्या हातात होता, तोंड भिंतीकडे. उत्तमराव पाठीमागं पाण्यात उभे होते. चौथ्या ओळीतलं एक अक्षर लागत नव्हतं, आणि त्या एका अक्षरापायी मी किती वेळ तिथं उभा राहिलो, मला कळलं नाही. मागं वळलो तेव्हा ते नव्हते. वर आलो तेव्हाही नव्हते. त्यांना पाठमोरं जाताना मी पाहिलं नव्हतं. सोबतचा माणूस नाहीसा होताना मी अक्षर वाचत होतो, हे सांगायची मला लाज वाटली. पुढं सांगून सांगून मला स्वतःलाच ती पाठ दिसायला लागली.

मला वाटलं, बाई संतापतील.

"म्हणजे तुमी दोघांनी एकमेकांना वर आलेलं पाहिलं न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांनी मंजुळाबाईकडून दिवा घेतला आणि एकट्या खाली उतरल्या. मी चौकटीला धरून उभा राहिलो. मला उतरायचं होतं, असं मी अजून स्वतःला सांगतो. पायऱ्यांवरचा उजेड कमी होत गेला, मग राहिलाच नाही. धर्मसिंग बैल सोडून जवळ आला.

बऱ्याच वेळानं बाई वर आल्या. लुगड्याचा काठ ओला होता.

"कोणी न्हाई," त्या म्हणाल्या. "पण पिंडीवर ताजा बेल हाये." मग माझ्याकडे बघून एकदम हसल्या. "तुमी खरंच उभे हायेत ना मास्तर? दगडावानी दिसून राहिले."

त्यांचा चेहरा सैल झाला होता. दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. त्या दिवशीही त्यांनी गढीखालच्या पळसांचे एकशेवीस देठ घेतले. तीनशे साठ पुरे झाले.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही सिद्धेश्वराच्या अलीकडे पूर्णेच्या काठावर पोचलो. चतुर्दशी होती. किसनराव दुसऱ्या दिवशी यायचे होते. घाटावर एक वयस्क भटजी धोतर वाळत घालत होते. त्यांच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर राखेचा लांबट ढीग होता, माणसाच्या उंचीचा.

मी भटजींना नमस्कार केला आणि विचारलं.

"काल एका गृहस्थांनी केलं," ते म्हणाले. "वाशिमचे कुणी देशमुख. पालाशविधी होता."

"कुणाचा?"

"एका मास्तरांचा. म्हणाले, त्यांना मागंपुढं कुणी नाही, बायको नाही, पोर नाही, म्हणून मीच करतो. मित्रानं केलं तरी चालतं, तसा आधार आहे. मी सांगितलं तसं सगळं केलं त्यांनी. पण पिंडाला कावळा शिवेना. दीड प्रहर बसलो आम्ही. ते सारखे रडत होते. 'माझ्यापायी गेला, मी त्याला भुयारात नेलं,' असं म्हणत होते."

"मग?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"मग ते हात जोडून म्हणाले, 'मास्तर, मी आता घरी जातो. बायको वाट बघते. तुमची वाट बघणं सोडतो, माफ करा.' तेवढं म्हटलं आणि कावळा शिवला."

मी राखेजवळ गेलो. नारळाची करवंटी फुटलेली होती. राखेला हात लावला. ऊब होती. माझ्यासाठी इतकं कुणी रडलं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. भीती नंतर वाटली. आधी हेच वाटलं.

मागं पाण्यात आवाज झाला. नर्मदाबाई घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहून फडकं झटकत होत्या. देठ पाण्यावर पसरत गेले आणि हळूहळू वाहू लागले.

"धर्मसिंग, बैल जोड," त्या म्हणाल्या. "वाशिमला."

"बाई, बैलं दमलीत. दोन दिस लागतात."

"लागू दे. हे घरी पोचले तर आमच्या खोलीला कुलूप दिसंल त्यांना."

"किसनरावांना कोण सांगेल?" मी विचारलं.

"तुमी सांगा, मास्तर. तुमी थांबा इथं." दमणीत चढताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला. त्या घराण्यातली बाई शाळामास्तराला असा नमस्कार करत नाही. "तुमचे लई उपकार झाले," त्या म्हणाल्या.

दमणी वळणाआड गेली. बैलांच्या घुंगरांचा आवाज मला बराच वेळ येत होता.

किसनराव दुसऱ्या दिवशी पहाटे आले. औंढ्याच्या त्याच सडकेनं आले होते. वाटेत दमणी दिसली नव्हती.

पाच दिवसांनी धर्मसिंग हिंगोलीला परतला. तो म्हणाला, त्यानं बाईंना वाशिमला घराच्या दारात उतरवलं होतं. दिवेलागणीच्या आधीची वेळ होती. दार उत्तमराव मालकांनीच उघडलं, बाईंचं गाठोडंही त्यांनीच उतरवून घेतलं, धर्मसिंगला गूळपाणी दिलं. वाशिमच्या घरची माणसं म्हणत होती की त्या दिवशी दारात कुणीच आलं नाही, कुठली दमणीच आली नाही. अमीनसाहेबांनी धर्मसिंगला तीन दिवस कचेरीत बसवून ठेवलं. त्याचं बोलणं एका शब्दानं बदललं नाही. कनेरगाव नाक्यावरच्या शिपायालाही दमणी आठवत होती. आत एक बाई होती आणि ती गाणं म्हणत होती, असं तो म्हणाला.

महिन्याभरानं मला पत्र आलं. पाकिटावर वाशिमचा शिक्का होता.

"यजमान माझ्या आधी येऊन पोचले होते. प्रकृती बरी आहे, केस मात्र पिकले. मी सांगते की मास्तर चार दिवस माझ्यासोबत होते, तर हे रागावत नाहीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवतात आणि गप्प बसतात. भावजी कुठं गेले ते कळत नाही. तुम्हाला भेटले का?"

पत्र घेऊन मी वाशिमला गेलो. किसनरावांनी ते दोनदा वाचलं. "अक्षर वहिनीचंच आहे," ते म्हणाले. मग उठून त्यांनी मला आतली खोली उघडून दाखवली. पलंगावर धूळ होती. कोनाड्यात कुंकवाचा करंडा झाकलेला होता. ते त्या पलंगाच्या कडेला बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. मी उभाच राहिलो.

तेव्हापासून दरवर्षी कार्तिकात एक पत्र येतं. किसनरावांना मी पुढची पत्रं दाखवली नाहीत.

आता १९४८ साल आहे. निजामाचं राज्य गेलं, कचेरीवरचं निशाण बदललं. किसनराव गेल्या आठवड्यात येऊन गेले. नर्मदाबाईंना बारा वर्षं होतात, असं म्हणाले. त्यांचंही करावं लागणार. मी त्यांना सांगायला हवं होतं की वहिनी सुखात आहेत. तोंडाशी आलेलं बोललो नाही. मला नक्की काय माहीत आहे, हे मला माहीत नाही.

या वर्षीचं पत्र काल आलं. अक्षर थोडं थरथरतं झालंय. बाई आता पन्नाशीच्या पुढच्या आहेत.

"मास्तर, दरसाल आम्ही तुमच्या तिथीला, त्रयोदशीला, तुमचं पान वाढतो. हे स्वतः वाढतात. तुम्हाला काय आवडायचं ते आम्हाला माहीत नाही, त्यामुळं दरवेळी चुकल्यासारखं वाटतं. भात आणि वरण असतंच. गोड काय करू? कळवाल का?"

मी कागद पुढं घेऊन बसलो आहे. अजून काही लिहिलेलं नाही. कार्तिक वद्य त्रयोदशीला गेली बारा वर्षं मला सबंध दिवस भूक लागत नाही, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.